पूर ओसरला, म्हसरं अजून छावणीत आहेत. गोठ्यात कधी न्यावीत?

मळीवाला (शिरोळ तालुका), १५ ऑगस्ट २०१९, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमचं गाव कृष्णाकाठचं. २००५ चा पूर बघितलेला, त्यामुळं "तेवढंच येईल" असं धरून बसलो आणि तिथंच चुकलो. ६ तारखेला पहाटे परड्यात पाणी आलं, दुपारपर्यंत गव्हाणीला लागलं. ट्रॅक्टर-ट्रॉलीत चढवता येतील तेवढी जनावरं चढवली आणि माळावर आणली. तिथून जयसिंगपूरकडच्या छावणीत. आज दहावा दिवस.

माझ्याकडं दोन पंढरपुरी म्हशी, एक मुऱ्हा, एक एचएफ (होल्स्टिन) गाय (गाभण, आठवा महिना) आणि दोन शेळ्या. मुऱ्ह्याची तीन महिन्यांची रेडी ट्रॉलीत चढवताना हातातून सुटली. दावं माझ्या हातात राहिलं, ती गेली. याच्यावर जास्त लिहवत नाही.

मुऱ्हा पुरापूर्वी दोन्ही वेळचं मिळून ११ लिटर द्यायची. रेडी गेल्यापासून पान्हा सोडत नाही. पहिले दोन दिवस तर धारच काढली नाही, सगळा गोंधळ होता. आता मागचं उजवं सड कडक झालंय, हात लावू देत नाही, दुधात दह्यासारख्या गुठळ्या येतात. भाऊ म्हणतो, पान्ह्याचं इंजेक्शन मारू. मारावं का?

एका पंढरपुरीचं मागचं पाऊल लंगडतंय, खुराच्या बेचक्यात जखम आहे आणि वास मारतोय. छावणीत सगळा चिखलच आहे.

आज गावात जाऊन आलो. गोठ्यात गुडघाभर गाळ. कडब्याची गंजी खालून अर्धी काळी पडलीय, वरचा कडबा बरा दिसतोय. सरकी पेंडीची तीन पोती भिजून फुगलीत. शेजाऱ्यांच्या गव्हाणीत साप निघाला. आमचा कुत्रा मोत्या स्लॅबवर सापडला, जिवंत, नुसती हाडं राहिलीत.

वडील म्हणतात, उद्याच सगळी जनावरं घरी न्यायची, इथं राहिली तर मरतील. मला भीती वाटते. जाणकारांनी सांगा. (आज राखी. बहिणीला यायला रस्ता नाही, फोनवरच रडली. असो.)

---

जुना पशुवैद्य, १५ ऑगस्ट, रात्री ११.०५

मळीवाले, मी पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. रात्रीच लिहितोय, कारण तुमच्या मुऱ्ह्याचं काम उद्यावर टाकण्यासारखं नाही.

तिला स्तनदाह झालाय. कास तुंबली आणि सड चिखलात टेकत राहिले की हे होतंच. सकाळी सगळ्यात आधी छावणीतल्या डॉक्टरांना तिच्यापाशी आणा. सडात सोडायची ट्यूब आणि सुई त्यांच्याच हातून होऊ द्या, दुकानातून अंदाजानं आणू नका. तोवर दर दोन-तीन तासांनी ते सड हळूहळू पूर्ण पिळून रिकामं करत राहा. पिळलेलं दूध जमिनीवर टाकायचं नाही. भांड्यात थोडं फिनेल घालून त्यात धरा आणि लांब खड्ड्यात ओता, नाहीतर तीच घाण शेजारच्या म्हशीच्या सडाला लागते. आधी निरोगी म्हशींच्या धारा काढा, हिची शेवटी. प्रत्येक वेळी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यानं कास धुऊन कोरडी पुसा. औषध चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस चारही सडांचं दूध विकू नका, घरीही वापरू नका.

पान्ह्याचं इंजेक्शन नको. त्या म्हशीचं वासरू गेलंय आणि सड दुखतंय, म्हणून ती दूध चोरते. रोज सुई टोचत राहिलात तर पुढं सुईशिवाय सोडणारच नाही.

खुराला आधी स्वच्छ पाण्यानं धुऊन बेचक्यातला खडा, काटा काढा. १० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम मोरचूद विरघळवा आणि पाय त्यात पाच मिनिटं उभा करा. दिवसातून दोनदा. नंतर जनावर कोरड्यात उभं राहिलं पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत वाया. वीट-मुरमाचा छोटा ओटा केला तरी चालेल. मोरचुदाचं पाणी जनावरांनी, विशेषतः शेळ्यांनी पिऊ नये, आणि ते ओढ्यात ओतू नये.

आता ज्याची मला खरी काळजी आहे ते. पुरानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत घटसर्प येतो, आणि गाईपेक्षा म्हशीला तो जास्त लवकर मारतो. संध्याकाळी वैरण सोडली, डोळे लाल, तोंडातून लाळेच्या तारा, गळ्याखाली गरम सूज आणि घशात घरघर. ताप १०५-१०६ वर जातो. सकाळपर्यंत जनावर गेलेलं असतं. मी नोकरीत असताना एकाच दावणीला दोन रात्रींत चार म्हशी गेलेल्या पाहिल्यात. म्हणून घरघर ऐकू येईपर्यंत थांबू नका. एक थर्मामीटर घ्या आणि रोज सकाळ-संध्याकाळ शेणाच्या जागी लावून वहीत लिहा. १०३ च्या वर गेलं की डॉक्टर. पहिल्या काही तासांत औषध पडलं तर जनावर वाचतं.

जून महिन्यात लस टोचली होती का, ते कळवा. नसेल तर छावणीत टोचतायत, टोचून घ्या. पण ताप असलेल्या जनावराला आत्ता नको आणि गाय आठव्या महिन्यात आहे हे आधी सांगा. लस टोचली म्हणजे त्याच दिवशी संरक्षण मिळालं असं नाही, अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. एका सुईनं सगळी दावण टोचू देऊ नका.

तरण्या, धडधाकट वासरांत फऱ्या येतो, ज्याला काही गावांत एकटांग्या म्हणतात. मांडीवर सूज येते आणि दाबली की आत चरचर वाजतं. आणि एखादं जनावर अचानक मेलं, नाकातून किंवा शेणाच्या जागेतून काळं न गोठलेलं रक्त आलं, तर ते कापायचं नाही, सोलायचं नाही, ओढतही न्यायचं नाही. तो फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो, माणसालाही होतो. डॉक्टर येईपर्यंत कुत्री-कावळे लांब ठेवा.

---

दानोळीची काकू, १६ ऑगस्ट, सकाळी ६.३०

बाळ, डॉक्टरसाहेबांनी औषधाचं सांगितलंय, ते मी सांगत नाही. मी चाळीस वर्षं वारणाकाठाला म्हसरं सांभाळली. तुझ्या वडिलांचं "उद्याच नेऊ" वाचलं आणि मला रात्री झोप लागली नाही.

२००५ साली माझी चंद्री म्हणून म्हस होती. पुरात छातीएवढ्या पाण्यात दीड दिवस उभी राहिली, तगली. छावणीत सात दिवस उसाच्या ओल्या वाड्यावर काढले, तगली. घरी आणली तेव्हा तिच्या फासळ्या मोजता येत होत्या. माझा जीव तुटला. दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि घरात वाचलेला जोंधळ्याचा भरडा होता तो सगळा घमेलंभर भिजवून, वरून गूळ घालून तिच्यापुढं ठेवला. तिनं घमेलं चाटून पुसून खाल्लं. मी तिथंच बसून बघत होते, बरं वाटत होतं मला. संध्याकाळी रवंथ बंद. पोट टम्म. रात्री आंबूस वासाचं पाण्यासारखं शेण टाकायला लागली, मग बसली ती उठली नाही. तिसऱ्या सकाळी गेली. डॉक्टर म्हणाले, मावशी, पोट आंबलं. उपाशी पोटात एकदम दाणा पडला की आतलं सगळं नासतं.

पाण्यानं नाही गेली रे माझी चंद्री. माझ्या हातानं गेली. चौदा वर्षं झाली, अजून घमेलं दिसलं की आठवतं.

तर घरी नेल्यावर पहिले तीन-चार दिवस फक्त कोरडी वैरण, थोडी थोडी, दिवसातून चार-पाच वेळा. पेंड-भरडा चौथ्या-पाचव्या दिवशी, एक ओंजळ. मग रोज ओंजळभर वाढवत आठ-दहा दिवसांत पहिल्यावर आण. दाराशी येऊन कुणी मायेनं पोळ्या, शिळा भात, मदतीतल्या पीठाच्या पिशव्या घालायला लागलं तर हात जोडून थांबव. आमच्याकडं २००५ ला बाहेरून आलेल्या भल्या माणसांनी म्हशींना ब्रेडचे पुडे घातले होते.

ती पेंडीची तीन पोती फेकून दे. वाळवून वापरू म्हणशील, मीही म्हटलं असतं, पोत्यामागं किती पैसे जातात मला ठाऊक आहे. पण बुरशीचं विष उन्हात जात नाही, आणि ते दुधातनं आपल्या पोरांच्या पोटात उतरतं. पुरून टाक, उकिरड्यावर टाकलीस तर दुसऱ्याच्या शेळ्या खातील. कडब्याची गंजी वरून बरी दिसते म्हणतोस, तर वरची पेंढी सोडून मधोमध हात घाल. आत ऊब लागली किंवा कुबट वास आला तर तीही गेली समज. जी खरंच कोरडी आहे ती सोडून उन्हाला पसर. गाळानं माखलेली हिरवी वैरण धुतल्याशिवाय घालू नको, गाळ पोटात बसतो. छावणीत नुसतं उसाचं वाडं चाललं असेल, तर चुन्याची निवळी रोज पाण्यातनं दे किंवा खनिजाची पावडर. गाईला तर नक्की, ती विणार आहे.

गोठ्याचं सांगते. गाळ ओला आहे तोवरच खोऱ्यानं ओढून काढ, वाळला की दगड होतो. पण आधी भिंत बघ. मातीची भिंत पाण्यात उभी असते आणि ऊन पडल्यावर बसते. आमच्या शेजारी पूर ओसरल्यावर पाचव्या दिवशी भिंत बसली, आत दोन शेरडं होती. भेग दिसली तर त्या खणात जनावर बांधायचंच नाही. गाळ काढल्यावर माझ्या नातवानं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून गव्हाणीतनं आणि दावणीतनं ओढलं. खिळे, तारेचे तुकडे, एक मोडकी कात्री निघाली. म्हस वैरणीसकट तार गिळते आणि महिन्याभरानं काळजाला टोचून मरते, मग पूर कुणाच्या लक्षातही नसतो. हे न विसरता कर. मग धुऊन, चुना मारून तीन दिवस मोकळं ठेव. चुना ओला असताना जनावर आत नको, सडं आणि खुरं पोळतात. विहिरीत पुराचं पाणी गेलं असेल तर ती उपसून, ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय त्यातलं पाजू नको, तोवर टँकरचं.

तुम्ही बापलेकांनी पायांत बूट घाला. पायाला चीर असेल तर गाळात उतरू नका. उंदराच्या मुतानं ताप येतो, लेप्टो म्हणतात त्याला. ताप आला तर अंगावर काढायचा नाही.

आणि एक. कुणी म्हणेल अशक्त झालीय, मान वर करून नाळीनं तेल पाज, काढा पाज. नको. घोट चुकला की फुफ्फुसात जातो. पाण्यात थोडा गूळ आणि मीठ घालून बादली पुढं ठेव, तिची ती पिईल.

आता मुऱ्ह्याचं. घरी तिची धार कोण काढायचं? तू? तुझी आई? छावणीत कोण काढतंय? ते सांग मला.

---

साप-सोडवणारा (भिलवडी), १६ ऑगस्ट, दुपारी १.२०

गव्हाणीतला साप मारला का सोडला ते लिहिलं नाहीत. या आठवड्यात मला रोज दहा-बारा फोन येतायत, त्यातले निम्म्याहून जास्त दिवड आणि धामण. दोन्ही बिनविषारी. दिवड फणकारते, चावते, रक्तही काढते, पण तेवढंच. मात्र घोणस कुकरच्या शिट्टीसारखा लांब फुत्कार टाकते, तो आवाज आला की जागेवरून मागं सरा. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लं घालते, आणि त्या वीतभर पिल्लालाही पहिल्या दिवसापासून विष असतं. "बारकं आहे" म्हणून हातात धरू नका.

गंजी हातानं उपसू नका. काकूंनी मधोमध हात घालायला सांगितलंय, तिथं आधी लांब दाताळ्यानं पेंढ्या ओढा, उजेडात झटका, मग हात. गोठ्यात शिरताना काठी आपटत जा आणि बॅटरी लावा. ओळखता आला नाही तर तिथंच नजर ठेवून जवळच्या सर्पमित्राला बोलवा. माणसाला चावला तर दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, पाय न हलवता सरळ सरकारी दवाखान्यात. जनावराला बहुधा तोंडावर किंवा नाकपुडीवर चावतो, कारण ते हुंगायला जातं. एकदम नाक-जबडा सुजला तर लगेच पशुवैद्य. सापाच्या विषावरची लस माणसाची तीच असते, वेळेवर मिळाली तर गुण येतो.

दुसरी गोष्ट मगरीची. आमच्या भिलवडी-औदुंबरच्या डोहांत मगरी आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. पुराच्या पाण्याबरोबर त्या उसात, ओढ्यात, विटांच्या खाणीत जातात आणि पाणी उतरलं की तिथंच अडकतात. त्यांचाही पूरच झालाय. पुढचा महिनाभर जनावरं धुवायला नदीला किंवा डबक्याला नेऊ नका. शेळ्या तर अजिबात नाही. दिसली तर गर्दी करून दगड मारू नका, वनविभागाला कळवा. घाबरलेली मगर पाण्याकडंच पळते, तिच्या आणि पाण्याच्या मध्ये उभं राहू नका.

मोत्याला काय घालताय? स्लॅबवर इतके दिवस उपाशी असेल तर त्यालाही काकूंचा नियम. पातळ भाताची पेज, मूठभर, दर तीन तासांनी. मटण आणि दूध आठवडाभर नको. मेलेली जनावरं त्यानं खाल्लेली असू शकतात, तेव्हा जंताचं औषध आणि रेबीजची लस दोन्ही डॉक्टरांना विचारून करा.

---

जुना पशुवैद्य, १६ ऑगस्ट, दुपारी ३.००

काकूंनी भरड्याचं लिहिलंय ते प्रत्येकानं दोनदा वाचावं. पुरानंतर मी जितकी जनावरं पोट आंबून गेलेली पाहिली, त्यांतल्या बहुतेकांच्या मालकांनी प्रेमानंच खाऊ घातलं होतं.

रेडीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. नोंद केली नसेल तर आज तलाठ्याकडं लेखी द्या, तोंडी नको. पंचनाम्यात पशुवैद्यकीय अधिकाऱ्याची सही लागते. २०१९ सालच्या आपत्ती मदतीच्या निकषात दुभत्या म्हशी-गाईला ३० हजार, ओढकाम करणाऱ्या बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार, शेळी-मेंढीला ३ हजार रुपये ठरले होते. मन तयार नसेल तरी मुदतीत अर्ज करून ठेवा.

---

मळीवाला, २४ ऑगस्ट, रात्री १०.१५

सगळ्यांना मनापासून नमस्कार. उशीर झाला, फोन चार्ज करायला शेजारच्या गावात जावं लागतंय.

काकूंचं लिहिलेलं वडिलांना वाचून दाखवलं. चंद्रीपर्यंत आलो तेव्हा ते उठून बाहेर गेले. परत आल्यावर म्हणाले, "चुना वाळू दे मग." जनावरं २१ ला घरी आणली. गाय आणलीच नाही, ती माळावर मामांच्या गोठ्यात आहे, तिथं कोरडं आहे, तिथंच व्यायली तरी चालेल.

लोहचुंबकाला सतरा खिळे आणि सायकलच्या दोन तारा लागल्या. उत्तरेकडच्या भिंतीला भेग होती, तो खण रिकामा ठेवलाय. गंजीतल्या चारशे पेंढ्यांतल्या शंभरएक हाताला लागल्या. भिजलेली पेंड पुरून टाकली. गव्हाणीतला साप शेजाऱ्यांनी मारला होता, नंतर फोटो पाहिल्यावर कळलं, दिवड होती. वाईट वाटलं.

घटसर्पाची लस जूनमध्ये टोचली होती, वही सापडली. तरी रोज ताप बघतोय. १९ ला एका पंढरपुरीला १०४ लागला. रात्री अकराला डॉक्टर आले, सकाळी १०२ वर आला. तिसऱ्या दिवशी खायला लागली. थर्मामीटर नसतं तर मी त्या रात्री झोपलो असतो. लंगडीचं पाऊल मोरचुदानं सुकतंय.

काकू, तुम्ही विचारलं होतं धार कोण काढायचं. आई काढायची. छावणीत बायकांची सोय नव्हती म्हणून तिला पहिल्याच दिवशी इचलकरंजीला मावशीकडं पाठवलं होतं. दहा दिवस मी आणि भाऊ आळीपाळीनं ओढत होतो. तुमचा प्रश्न वाचला आणि त्याच दुपारी आईला आणायला गेलो.

आई आली ती थेट मुऱ्ह्यापाशी. काही बोलली नाही. नेहमीसारखं उजव्या बाजूला बसली, पाठीवरून कासेपर्यंत हात फिरवत राहिली, बराच वेळ. मुऱ्ह्यानं मान वळवून तिचा पदर हुंगला. मी रेडीचं दावं खिशात ठेवलं होतं, ते आईनं मागून घेतलं आणि म्हशीच्या पुढ्यात खुंट्याला बांधलं. मग पहिल्यांदा दोन लिटर दिलं. सगळं ओतून टाकलं, औषध चालू आहे. काल साडेचार झालं. उजवं सड मऊ पडलंय, दूध अजून पाणचट येतंय. डॉक्टर म्हणाले, त्या सडाचं खात्रीनं सांगता येत नाही, बाकीची तीन शाबूत राहतील.

तलाठ्याकडं अर्ज दिला. "वासरू, मादी, वय ३ महिने" असं लिहून सही केली.

मोत्या पेज खातोय. रात्री गोठ्याच्या दारात झोपतो, पूर्वी कधी झोपायचा नाही. काकू, मुऱ्ह्याला पेंड आजपासून एक ओंजळ चालू केली, घरी आणल्याचा चौथा दिवस. उद्या दोन करू का अजून थांबू?

---

दानोळीची काकू, २५ ऑगस्ट, सकाळी ६.१०

शेण बघ. बांधीव पडत असेल तर दोन कर. पातळ असेल तर एकावरच राहू दे. आईला सांग, दावं तिथंच असू दे अजून थोडे दिवस.